दोन इंच मोकळे

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, व्हरमाँट, मेन, मिनेसोटाकडे, लाकडावर पेटणारी लोखंडी शेगडी अजून अनेक घरांत आहे. दुकानात गिऱ्हाइकाचा जीव अडकतो तो तिच्या काचेच्या दारात. धुराडं कोणी हौसेनं निवडत नाही, आणि खरी जोखीम तर तिथेच. तिथली बहुतेक घरं लाकडाची. भिंतींचा सांगाडा, छताच्या कड्या, वासे, सगळं लाकूडच. त्या लाकडातून तापलेला पाइप वर न्यायचा असतो.

शेगडीपासून छतापर्यंत साधा एकपदरी काळा पाइप चालतो. तो लाकडापासून 18 इंच लांब हवा. छताला किंवा माळ्याला भोक पाडून तो पार न्यायला मात्र सक्त मनाई. छतापासून वर लागतं ते दुपदरी, मध्ये उष्णतारोधक भरलेलं स्टेनलेस स्टीलचं धुराडं. ‘यूएल 103 एचटी’ या मानकाच्या चाचणीत ते 538 अंश सेल्सियसचा धूर सतत सोसतं आणि 1,149 अंशांचा भडका दहा-दहा मिनिटं तीनदा झेलतं.

एवढी परीक्षा पास झालेल्या धुराड्याभोवतीही साधारण दोन इंच मोकळी जागा ठेवावीच लागते. माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म इथे आहे, आणि लोक चुकतात तेही इथेच. माळ्यावर थंडीसाठी काचलोकर अंथरलेली असते. पाइपाभोवती फट दिसली की काळजीवाहू माणूस तिच्यात लोकर ठासतो. लोकर जळत नाही, मग बिघडलं कुठे? बिघडतं असं, की मोकळी हवा पाइपाची उष्णता काढून नेते आणि लोकर ती कोंडून ठेवते. शेजारची कडी हिवाळ्यामागून हिवाळे शेकत राहते, आतून कोळसत जाते आणि नव्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेटू शकते. म्हणूनच माळ्यावर धुराड्याभोवती लोकर अडवणारी पत्र्याची आडभिंत बसवतात.

जाणता कारागीर आधी छताकडे बघतो. वरून ओळंबा सोडून शेगडीच्या तोंडाचा मध्य साधतो. मध्ये कडी आली तर शेगडी चार इंच सरकवायची. कडी कापायला धावायचं नाही. मग चौकट ठोकून तिच्यात पत्र्याची आधारपेटी अडकवतात. धुराड्याचा भार ही पेटी घेते, शेगडी घेत नाही. वर राहता मजला असेल तर धुराड्याला बंदिस्त कोठा आणि प्रत्येक मजल्याला आगरोधक पत्रा हवा.

काळ्या पाइपाचे सांधे नवख्याला उलटे वाटतात. चुण्या पाडलेलं टोक खाली, शेगडीच्या दिशेनं, अगदी पावसाच्या पाण्याच्या पाइपासारखं. मग फटीतून धूर नाही का येणार? धुराडं नीट ओढत असेल तर आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो, त्यामुळे हवा फटीतून आत ओढली जाते. बाहेर आला तर धुरातून गळणारा काळा रस येईल. तो शेगडीत परतावा म्हणून हा उलटा सांधा. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

ही ओढ बेंजामिन फ्रँकलिनलाही चकवून गेली. 1744 मध्ये त्यानं ज्या शेगडीची माहितीपुस्तिका छापली, तिच्यात धूर आधी खाली उतरून मग वर जायचा, आणि धुराडं गार असलं की ती नीट ओढत नसे. म्हणून पाइप शक्यतो सरळ वर न्यावा, काटकोनी वळणं दोनापेक्षा जास्त नकोत. छपरावर उंचीचा हिशेब 3-2-10: छपरातून निघाल्यावर किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा 2 फूट उंच.

एवढं करून ओली लाकडं घातली तर सगळं फुकट. धूर गार होऊन क्रिओसोट नावाचा चिकट थर आत बसतो, आणि तोच पुढे पेट घेतो. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा, धुराड्याची तपासणी दरवर्षी.

तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींना शेगडी पुष्कळदा घराबरोबरच मिळते. पहिली काडी ओढण्याआधी प्रमाणित धुराडेवाल्याला बोलवा आणि त्याच्याबरोबर माळ्यावर चढा. पाइपाभोवती लोकर ठासलेली दिसली, तर ती काढून आजूबाजूचं लाकूड तपासून होईपर्यंत शेगडी पेटवू नका.