हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: अर्ध्या तासाची वाट, पण घड्याळ समुद्राचं!

डोंगर चढायचा कंटाळा, पण कडा बघायचाय? मग रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर गाठा.

हरिहरेश्वराच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते आणि मग दोन कातळांमधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरल्यासारख्या खाली येतात. खाली एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला लाटा, आणि मधल्या सपाट खडकावरून आपली वाट.

🪨 खडक निरखून बघा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. लाटांनी तो पायथ्याशी कापून सपाट केलाय. खारं पाणी छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण सुटतात. म्हणून कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते.

🌊 ही वाट ओहोटीतच करायची. मग ओहोटीची वेळ कशी काढायची? कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे पावणेदहाला, पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला. निघण्याआधी गावात विचाराच.

⚠️ भरतीत आणि पावसाळ्यात ही वाट नको. शेवाळावर पाय ठरत नाही, आणि सेल्फीसाठी समुद्राकडे पाठ करू नका. इथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत.

जाताना सॅंडल घट्ट पट्ट्यांचे घाला. प्लास्टिक परत आणा. आणि महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे जवळच समुद्राला मिळते, तेही बघून या.