रुग्णालयातील हलगर्जी आणि दिवाणी दावा

बांधावरची हातभर जमीन शेजाऱ्याने नांगराखाली घेतली, तर आमचा शेतकरी तिच्यासाठी दोन पिढ्या दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो. मोजणीचा नकाशा, फेरफार, सातबारा असे सारे कागद तो पेटीत जपून ठेवितो. परंतु रुग्णालयात कोणाच्या हलगर्जीने घरचे माणूस दगावले किंवा जन्माचे पांगळे झाले, तर तोच शेतकरी ‘दैवात होते’ असे म्हणून स्वस्थ बसतो. नाही तर रागाच्या भरात दवाखान्याच्या काचा फोडून स्वतःच आरोपी होतो. २०१० च्या महाराष्ट्र अधिनियमान्वये अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे व नुकसानीची दुप्पट भरपाईही द्यावी लागते. या दोहोंहून निराळी वाट आहे आणि ती त्याच्या परिचयाच्या दिवाणी न्यायालयातूनच जाते, हे आमच्या तेलगाव भागातील वाचकांस सांगण्याकरिता हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आपल्याच मराठवाड्यातील एक खटला पाहू. जुलै १९६३ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील सरकारी रुग्णालयात एक शिक्षिका बाळंत झाली. १३ जुलै रोजी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पुढे ताप चढला, पोटातील वेदना थांबेनात. १९ जुलै रोजी पोट पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळचे रक्त टिपण्याचे कापड आतच राहिलेले आढळले. २४ जुलै रोजी ती बाई मरण पावली. पतीने व मुलांनी दिवाणी दावा लाविला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. परंतु उच्च न्यायालयात तो फिरला. अखेर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. रुग्णालय चालविणे हे राज्यसत्तेचे असे काम नव्हे की ज्यातील चुकीस शासन उत्तरदायी नसावे. आणि पोटात कापड राहणे ही गोष्ट स्वतःच हलगर्जीची साक्ष देते, असे न्यायालयाने ठरविले. या न्यायास तेहतीस वर्षे लागली, हे खरे. परंतु सरकारी दवाखान्यावर दावा चालत नाही, हा गैरसमज त्याने कायमचा पुसला, हेही तितकेच खरे.

तथापि रोगी बरा झाला नाही, एवढ्यावरून वैद्याचा दोष सिद्ध होत नाही. पेरणी नीट करूनही पीक जळते, तसेच हे आहे. येथे दुसरा खटला उपयोगी पडेल. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्यास उपचारासाठी पुण्यास नेले. तेथे भूल न देता, जोर लावून हाड बसविण्यात आले व त्याच दिवशी तो वारला. वडिलांच्या दाव्यात ३,००० रुपयांची भरपाई मिळाली व १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेविली. वैद्याची कर्तव्ये त्या निकालात तीन सांगितली आहेत: रोगी हाती घ्यावा की नाही, हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार करावा, हे ठरविताना काळजी घेणे, आणि तो उपचार करताना काळजी घेणे. यांपैकी कोठे कसूर झाली, हे दाखविण्याचा भार बहुधा वादीवर असतो व त्यास दुसऱ्या जाणत्या डॉक्टरची साक्ष लागते.

संमतीचा प्रश्न तर आपल्या जिल्ह्याच्या जिव्हारी लागलेला आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यास जातो, त्यांस कायदा कोणी तरी समजावून सांगितला पाहिजे. तो असा की, तपासणीस दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नये व देऊ देऊ नये.

आता दाद कोठे मागावी? पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. परंतु जेथे सर्वांनाच उपचार मोफत मिळतात, त्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. नुसत्या नोंदणीच्या चिठ्ठीचे नाममात्र पैसे मोबदला ठरत नाहीत. म्हणूनच गरिबास दिवाणी न्यायालयाचे महत्त्व अधिक. जेथे हानी घडली, तेथील न्यायालयात दावा चालतो. माणूस मृत झाल्यास पती, पत्नी, आईबाप व मुले यांच्यासाठी १८५५ च्या कायद्याखाली भरपाई मागता येते. तिची मुदत दोन वर्षे आहे. शासनावर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. यास्तव पहिल्या काही महिन्यांतच वकील गाठावा. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमाती यांस उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते; त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

सर्वांत मोठी गोष्ट कागदांची. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. मागणी लेखी करावी व पोच घ्यावी. औषधाची चिठ्ठी, पावती, तपासण्यांचे अहवाल, घरी सोडतानाचा कागद, यांतील एकही टाकून देऊ नये. मृत्यूविषयी शंका असल्यास अंत्यविधीपूर्वीच शवविच्छेदनाची मागणी करावी. मागाहून तो पुरावा उभा करणे फार कठीण जाते.

कष्टाळू व प्रामाणिक डॉक्टर आपल्या भागात पुष्कळ आहेत. त्यांस या कायद्याचे भय नाही. आमचे सांगणे एवढेच की, ज्या पेटीत सातबारा असतो, त्याच पेटीत दवाखान्याचे कागदही असावेत. जमीन गेली तर ती कदाचित परत मिळेल. घरचे माणूस परत येत नाही. मागे राहिलेल्या लेकरांचा हक्क तरी आपल्या आळसाने बुडू नये.