मोटारसायकलच्या ब्रेक-डिस्कवरील गंज व खळगे

लोखंडास तेलाचा हात दिला म्हणजे ते गंजत नाही, ही शिकवण आपणां शेतकऱ्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. हंगाम संपला की फाळ, विळे, खुरपी यांना तेल लावल्यावाचून कोणी ती माळ्यावर ठेवीत नाही. ही शिकवण इतरत्र हिताची असली, तरी एके ठिकाणी ती जिवावर बेतते. ते ठिकाण म्हणजे मोटारसायकलच्या चाकावरील ब्रेकची डिस्क होय.

ही चूक प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली आहे. महसूल खात्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात माझी गाडी गोठ्यालगतच्या पडवीत, पोटॅशच्या पोत्यांशेजारी, दोन महिने उभी राहिली. श्रावणात पाहतो तो डिस्कवर तांबूस ठिपके! मी फडक्याने तिजवर गोडेतेल चोपडले आणि निश्चिंत झालो. दुसरे दिवशी पुतण्या तीच गाडी घेऊन कासकडे गेला. सपाटीवर मागच्या ब्रेकाने भागल्यामुळे त्याला दोष कळला नाही. परंतु यवतेश्वरचा घाट उतरताना वळणावर पुढचा ब्रेक लागेना. गिअर उतरवून त्याने गाडी कडेच्या चरात घातली म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून हा विषय मी नीट समजून घेतला. तोच येथे मांडीत आहे.

डिस्क ब्रेकचे सर्व काम घर्षणावर चालते. ब्रेक दाबला की कॅलिपरमधील दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात व चाक थांबते. तेथे तेलाचा पातळ थर जरी आला, तरी पॅड घसरतात. शिवाय पॅड ते तेल शोषून घेतात, म्हणून डिस्क पुसली तरी दोष उरतो. असे पॅड धुऊन वा भाजून वापरू नयेत, नवेच बसवावेत.

आता गंज का चढतो ते पाहू. मोटारसायकलची डिस्क बहुधा क्रोमियममिश्रित पोलादाची असते. क्रोमियममुळे तिजवर डोळ्यांस न दिसणारे एक संरक्षक कवच तयार होते, त्यामुळे नुसत्या पावसाने ती सहसा बिघडत नाही. तिचा खरा वैरी क्लोराईड, म्हणजे मिठाच्या जातीचा क्षार. आपण उसाला व द्राक्षाला घालतो त्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाने सुमारे निम्मा भाग क्लोराईडचाच असतो. जनावरांच्या मुतातही तो असतो. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतील खारवट जमिनींच्या चिखलातही असतो. ओल व क्षार एकत्र आले की ते कवच जागोजागी फुटते. म्हणूनच पाटण-महाबळेश्वरच्या धो-धो पावसात फिरणारी गाडी पुष्कळदा सुस्थितीत राहते, आणि खताच्या पोत्यांशेजारी स्वस्थ उभी असलेली गाडी बिघडते.

गंजाचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. पहिला वरवरचा. गव्हाच्या पानावरील तांबेरा जसा बोट फिरवताच भुकटी होऊन हाताला लागतो, तसा हा असतो. गाडी हळू चालवून मोकळ्या रस्त्यावर पाच-सात वेळा हलका ब्रेक दाबला की तो पॅडच्या घासण्यानेच जातो. न गेल्यास बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे आणि ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावे. रॉकेल वा डिझेल वापरू नये, कारण त्यांचा तेलकट अंश मागे राहतो.

दुसरा प्रकार खळग्यांचा. हा उसातील खोडकिडीसारखा आहे: बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र, आत मात्र पोखरण. डिस्कवरून नख फिरवावे. ते जागोजागी अडकत असेल तर खळगे पडले आहेत असे समजावे. हे खळगे कानशीप्रमाणे पॅड खातात, ब्रेक करकरतो व थरथरतो. ते घासून काढण्याच्या भरीस पडू नये. डिस्क मुळातच चार-पाच मिलिमीटर जाडीची, त्यामुळे लेथवर घालून ती अधिकच पातळ होते. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. पॅड घासतात त्या पट्ट्यावर चार-सहा जागी मायक्रोमीटरने जाडी मोजावी. एका जागी जरी ती त्या आकड्याखाली भरली, किंवा नख अडकण्याजोगे खळगे पसरले, तर डिस्क बदलावी व तिजबरोबर पॅडही नवे घालावेत. नव्या डिस्कवर कारखान्यातून आलेला तेलाचा थर असल्यास तो आधी धुऊन काढावा.

महापुरात बुडालेल्या गाड्यांविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले होते. पंचनाम्यांसाठी गावोगाव हिंडताना गाळाने माखलेल्या गाड्यांच्या रांगा मी पाहिल्या. पुष्कळांनी त्या वरून धुऊन तशाच रस्त्यावर आणल्या. वास्तविक अशा गाडीचे कॅलिपर खोलून साफ करावे लागतात, कारण आत गाळ बसून ते अडकतात आणि पॅड डिस्कला सतत घासत राहतात. गाळ रुतलेले पॅड टाकून द्यावेत. ब्रेक ऑईलही बदलावे, कारण ते पाणी शोषून घेते. एरवीही ते दर दोन वर्षांनी बदललेले बरे.

नित्याची निगा थोडक्यात अशी. गाडी गोठ्यात वा खताच्या खोलीत लावू नये. पोटॅशची पोती वाहिल्यावर अगर चिखलातून आल्यावर डिस्क गोड्या पाण्याने धुवावी, आणि लगेच थोडे अंतर हलका ब्रेक दाबीत जाऊन ती वाळवावी. गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणावी. चेनला तेल देताना मागची डिस्क फडक्याने झाकावी.

फाळाला तेल आणि डिस्कला पाणी, एवढे घरातील मुलांनाही सांगून ठेवावे. गाडी बहुधा तेच नेतात आणि घाटही तेच उतरतात.