शून्य बिलाचा हिशेब

कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेचा नारळ फुटला तो बेंगळुरूत नव्हे, कलबुर्गीत. ५ ऑगस्ट २०२३ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी तिथे योजनेचं उद्घाटन केलं. दरमहा २०० युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत, असा गाजावाजा निवडणुकीपासूनच झाला होता. त्यामुळे भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या मराठी बोलणाऱ्या टापूत 'सेवा सिंधू' या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज भरायला त्याआधीच झुंबड उडाली होती. अर्ज कानडी नाहीतर इंग्रजी. म्हणजे तो भरणार कानडी शाळेत शिकलेलं घरातलं पोर, किंवा मग 'ग्राम वन' या सरकारी सेवा केंद्रातला ऑपरेटर. वीज कंपनीचं नाव जेस्कॉम होऊन वीस वर्षं उलटली, तरी जुनी माणसं अजून जुन्या वीज मंडळाच्या नावाने 'केईबीत जाऊन येतो' असंच म्हणतात.

मग मीटर रीडर आला, हातातल्या यंत्रातून चिठ्ठी काढली आणि खाली रक्कम शून्य. स्थिर आकारसुद्धा नाही. दोन पंखे, चार दिवे आणि एक टीव्ही एवढ्यावर चालणाऱ्या घराला ही थट्टा नव्हती. महिन्याचे तीन-चारशे रुपये वाचले तर तेल-डाळीचा प्रश्न सुटतो. योजनेला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे कबूल करावं.

पण दोनशे युनिट सगळ्यांना मिळत नाहीत, हे पुष्कळांना बिल हातात पडल्यावर कळलं. २०२२-२३ या वर्षातल्या वापराची मासिक सरासरी काढायची, त्यात दहा टक्के मिळवायचे. येईल तो आकडा तुमचा हक्क. दोनशे ही फक्त वरची मर्यादा. ज्यांची जुनी नोंदच नाही त्यांच्यासाठी राज्याची सरासरी ५३ युनिट धरली गेली, म्हणजे ५८ युनिटचा कोटा. जानेवारी २०२४मध्ये ४८ युनिटांहून कमी वापर असणाऱ्यांना दहा टक्क्यांऐवजी सरसकट १० युनिट वाढवून मिळाले. हक्काच्या वर पण दोनशेच्या आत गेलात, तर फक्त जादा युनिटांचे पैसे. दोनशे ओलांडलेत, तर पहिल्या युनिटपासून पूर्ण बिल.

आता भालकीतली दोन शेजारी घरं डोळ्यांपुढे आणा. एकाने दिवे बदललेले, खोलीतून उठताना पंखा बंद करायची सवय, सरासरी ६० युनिट. दुसऱ्याकडे जुना फ्रीज, दिवसभर चालणारा कूलर, सरासरी १७५. पहिल्याला ६६ युनिट मोफत, दुसऱ्याला १९२. काटकसर केली त्याचा कोटा लहान, उधळलं त्याचा मोठा. त्यातही सरासरी बारा महिन्यांची आणि उकाडा एप्रिल-मेचा. कलबुर्गीत पारा चाळिशीच्या वर महिनाभर ठाण मांडून बसतो, तेव्हा तिथल्या सहासष्टवाल्याच्या घरी बिल येतंच. योजना आखणाऱ्यांच्या मनात हे नसेल, पण सूत्रातून निघतं ते हेच.

दुसऱ्या घरालाही एक धोका आहे. १९९ युनिट वापरले तर सात युनिटांचे, एप्रिल २०२४च्या ५ रुपये ९० पैशांच्या दराने, चाळीसेक रुपये भरायचे. २०१ झाले की अकराशे शहाऐंशी, वर स्थिर आकार आणि वीज कर वेगळा. दोन युनिटांत हजाराच्या वर फरक! अशा काठावरच्या घराला पंखा बदलणं फार फायद्याचं. साधा पंखा ७५ वॉट खातो. दिवसाचे सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास, म्हणजे साडेचौदा. एका पंख्यामागे एकवीस युनिट वाचतात. छताच्या पंख्यांना स्टार लेबल १ जानेवारी २०२३पासून सक्तीचं झालं आहे, दुकानात तेवढं बघून घ्यावं. पण कोट्याच्या आत बसणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार काय सांगणार? बिल आधीच शून्य, मग हजारभर रुपये जास्त मोजून महागडा पंखा कशाला!

सवलत बिलावर द्यायची की वस्तूवर, हा खरा मुद्दा आहे. वस्तूवर दिलेल्या सवलतीचा दाखला कर्नाटकातच आहे. केंद्राची उजाला योजना जानेवारी २०१५मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षअखेर ती इथे 'होस बेळकु', म्हणजे नवा उजेड, या नावाने आली. वीज कार्यालयात बिल दाखवायचं, एलईडी बल्ब घ्यायचा. खरं तर तिथे सरकारने रोख अनुदान दिलंच नाही. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्ब एकगठ्ठा विकत घेतले, त्यामुळे २०१४च्या सुरुवातीला तीनशेच्या घरात असलेला खरेदीचा भाव दोन-तीन वर्षांत चाळीसच्या खाली आला. आज खेड्यातल्या टपरीतही साठ वॉटचा पिवळा बल्ब मागितला तर दुकानदार आपल्याकडेच बघतो. दरवर्षी तिजोरीतून पैसा न ओतता ती बचत चालू आहे.

छतावरच्या सौरऊर्जेचं गणित तर आणखी अडतं. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने ७५,०२१ कोटींची पीएम सूर्यघर योजना आणली. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान थेट खात्यात. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, महिन्याला १२०. पूर्ण बिल भरणाऱ्याचे त्यातून सातशे रुपये वाचतात. शून्य बिलवाल्याचा एक रुपयाही वाचत नाही, उलट पदरचे पैसे अडकतात. राज्याची सवलत केंद्राच्या सवलतीच्या आड येते ती अशी.

शिवाय पॅनल बसवायचं कुठे? बिदर-भालकीच्या जुन्या वस्तीत अजून माळवदं आहेत: लाकडी किलच, त्यावर वीतभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, पण पॅनलचा सांगाडा रोवायला आधार नाही. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा आणि पक्का स्लॅब हवा. गंमत अशी, की स्लॅबच्या घरालाच कूलरची गरज जास्त.

हद्दीपलीकडे महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. १९५६पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचेच तालुके होते; सोयरीक, बाजार, दवाखाना अजून तिकडेच. पण वीज महावितरणची. तिथे वापर वाढला तसा दराचा टप्पा चढतो, म्हणून छताचा विचार माणूस आपणहून करतो. त्यात महाराष्ट्राने २०२५मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना काढली. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांना एका किलोवॉटसाठी केंद्राच्या तीस हजारांवर राज्याचे १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार, दारिद्र्यरेषेखालच्यांना साडेसतरा हजार. पन्नास हजारांच्या संचात गरीब घराला अडीच हजारच घालावे लागतात. उदगीरच्या मावशीच्या छतावर पॅनल आणि कमलनगरच्या भाचीच्या हातात शून्याची चिठ्ठी, असं आता होऊ शकतं. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं. चिठ्ठी पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत.

झहीराबादकडे गेलं की तेलंगणा लागतं. त्या राज्याने एप्रिल २०२३मध्ये थंड छतांचं धोरणच केलं, स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा रंग किंवा फरश्या लावायचं. आपल्याकडे त्याला अनुदानाची वाट बघायचीही गरज नाही. चुन्याचे दोन हात मार्चमध्ये दिले तर पंखा फेकतो ती हवा जरा सोसवते. हिवाळ्याचं उलटं. बिदर पठारावर असल्याने कर्नाटकातला नीचांकी पारा पुष्कळदा इथेच नोंदवला जातो. मग बादलीत दीड हजार वॉटचा रॉड. अर्ध्या तासाला पाऊण युनिट, चार माणसांच्या चार बादल्यांना तीन युनिट, महिन्याला नव्वद. छतावर सौर बंब असला तर पाणी तापवण्याचा हा खर्च वाचतो. राज्याच्या दरपत्रकात सौर बंबवाल्यांना युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट वर्षानुवर्षे होती. बिलच शून्य झाल्यावर ती सूट कशातून वजा करायची?

विजेवरच्या स्वयंपाकाचं मात्र इथे लवकर जमेल असं वाटत नाही. वरण, भात, चहा इंडक्शनवर होतो. पण ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून आरावर धरल्याशिवाय नीट फुगत नाही, आणि न फुगलेली भाकरी या भागात कोणी पाहुण्याच्या ताटात वाढत नाही.

तूर्तास भाडेकरूंनी एक करावं. घर बदललं की जुन्या मीटरवरून आधार क्रमांक सोडवून घ्यावा. ती सोय नंतर 'सेवा सिंधू'वर आली आहे. नाहीतर नव्या घराचं बिल पूर्ण येतं, आणि मोफत युनिट जुन्या खोलीत आलेला दुसराच भाडेकरू वापरत असतो.