इटालियन भाषेतील संकेतार्थ

इटलीतील एखाद्या व्यापाऱ्याचे पत्र आपणांस आले आणि त्यात ‘पागेरेमो’ हा शब्द दिसला, तर निश्चिंत असावे. ‘आम्ही पैसे देऊ’ असे तो सांगतो आहे. पण तेथेच ‘पागेरेम्मो’ असे असेल, तर पत्र पुन्हा एकदा वाचावयास हवे. कारण आता तो म्हणतो, ‘आम्ही पैसे दिले असते’. आणि या बोलण्यामागे कोठेतरी एक ‘जर’ दडलेला आहे. पहिले रूप भविष्यकाळाचे, दुसरे संकेतार्थाचे. केवळ एका मकाराच्या द्वित्वाने वचनाची अट होते. ‘मका’ आणि ‘मक्का’ यांत आपण घोटाळा करीत नाही. तोच कान येथेही जागा ठेवावयाचा.

ही दोन रूपे इतकी सारखी का, याचे उत्तर त्यांच्या जन्मकथेत आहे. लॅटिन भाषेत ‘हाबेरे’ म्हणजे ‘जवळ असणे’. लोकांच्या बोलीत मुख्य क्रियापदाच्या मूळ रूपापुढे ‘हाबेरे’ची रूपे जोडण्याची चाल पडली. वर्तमानकाळी रूप जोडले, त्यातून इटालियनचा भविष्यकाळ निघाला. भूतकाळी रूप जोडले, त्यातून संकेतार्थ निघाला. आपल्या मराठीतही ‘मला बोलायचे आहे’ आणि ‘मला बोलायचे होते’ ही वाक्ये ताडून पाहावी. पहिल्यात पुढे घडावयाची गोष्ट आहे; दुसऱ्यात तीच गोष्ट थोडी दूर सरली आहे, राहून गेल्यासारखी किंवा संकोचाने मांडल्यासारखी. इटालियन संकेतार्थाचा सारा स्वभाव या ‘होते’मध्ये आहे.

‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. त्याची संकेतार्थी रूपे अशी: मी – पार्लेरेइ, तू – पार्लेरेस्ती, तो किंवा ती – पार्लेरेब्बे, आम्ही – पार्लेरेम्मो, तुम्ही – पार्लेरेस्ते, ते – पार्लेरेब्बेरो. ‘आरे’ने संपणाऱ्या क्रियापदांतील ‘आ’ येथे ‘ए’ होतो. काही नित्याची क्रियापदे मात्र झिजून आखूड झाली आहेत. ‘एस्सेरे’ म्हणजे असणे, त्याचे ‘सारेइ’ होते; ‘आवेरे’चे ‘आव्रेइ’, ‘वेनीरे’ म्हणजे येणे, त्याचे ‘वेर्रेइ’, आणि ‘वोलेरे’ म्हणजे इच्छिणे, त्याचे ‘वोर्रेइ’. प्रत्यय मात्र सर्वत्र तेच.

आता उपयोग पाहू. पहिला सौजन्याचा. कॉफी मागताना ‘वोल्यो’, म्हणजे ‘मला पाहिजे’, असे म्हटले तर ते हट्टासारखे वाटते. ‘वोर्रेइ ऊन काफ्फे’ म्हटले की तीच मागणी विनंती होते. आपणही दुकानात ‘मला एक वही हवी होती’ असे म्हणतोच. गरज आताची असते, ‘होती’ हे सौजन्याचे.

दुसरा उपयोग ‘जर–तर’चा, मराठी माणूस अडखळतो तो येथे. ‘मला वेळ असता तर मी आलो असतो’ हे आपले वाक्य आजच्या भेटीविषयी असू शकेल, कालच्याही. इटालियन भाषेत हा संदेह राहत नाही. आजची गोष्ट असेल तर ‘से आवेस्सी तेम्पो, वेर्रेइ’. कालची असेल तर ‘से आवेस्सी आवूतो तेम्पो, सारेइ वेनूतो’. शिवाय आपण ‘असता’ आणि ‘असतो’ ही एकाच जातीची रूपे दोन्ही अंगांना वापरतो. इटालियनमध्ये ‘जर’च्या अंगाला संकेतार्थ चालत नाही, तेथे ‘आवेस्सी’ हे निराळ्या अर्थाचे रूप लागते. संकेतार्थ शोभतो तो ‘तर’च्या अंगाला. ‘से आव्रेइ’ ही चूक इटलीतील शाळकरी मुलेही करतात, म्हणून आपण संकोचण्याचे कारण नाही. पण ती सोडावी हे बरे.

तिसरा उपयोग वृत्तपत्रांतला, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. अपघाताच्या बातमीत ‘ले वीत्तिमे सोनो दिएची’ असे असेल, तर दहा बळी गेले, हे वृत्तपत्र स्वतःच्या जबाबदारीवर सांगत आहे. ‘ले वीत्तिमे सारेब्बेरो दिएची’ असे असेल, तर आकडा ऐकीव आहे, अद्याप पडताळलेला नाही. मराठीत हे काम ‘असे कळते’ हे शब्द, किंवा बोलण्यातला इवलासा ‘म्हणे’ करतो. भाषांतर करणाऱ्याने ‘सारेब्बेरो’चे सरळ ‘आहेत’ करून टाकले, तर मूळ लेखकाने न दिलेली ग्वाही त्याच्या नावावर चढते. शब्दकोशाच्या दृष्टीने भाषांतर निर्दोष ठरेल. पण एका अफवेची वस्तुस्थिती होऊन बसेल, आणि ज्याचा आप्त त्या गाडीत होता, त्याला ती उगाच पोळेल.

सरकारी टिपणे लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या रूपाविषयी आदर वाटतो, तो यामुळेच. जे ठाऊक आहे आणि जे ऐकले आहे, जे देणार आहोत आणि जे अट पुरी झाली तर देऊ, यांच्यामधील रेघ प्रामाणिक माणूस पुसत नाही. इटालियन भाषेने ती रेघ क्रियापदातच ओढून ठेवली आहे. ती शिकताना आपल्या ‘म्हणे’ची आणि ‘असते’ची किंमतही नव्याने कळते.