पुठ्ठ्याचे घर आणि वऱ्हाडचे ऊन

चित्रकलेच्या तासाला 'घर काढा' म्हटले की वहीत दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य आणि उतरत्या छपराची झोपडी उमटते. अमरावती-अकोल्याची मुलेही हेच चित्र काढतात. वास्तविक वऱ्हाडातील जुनी घरे बहुधा सपाट धाब्याची; जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि मध्ये अंगण. आजोबांचे घर नातवाच्या चित्रात येतच नाही.

कागदाऐवजी पुठ्ठ्याचे घर करावयास दिले, तर ते पाहावेच लागते. पहिला प्रश्न मापाचा. ५० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर हे प्रमाण धरल्यास ३ मीटरची खोली ६ सेंटीमीटरची होते. नऊ इंची विटांची भिंत जेमतेम अर्धा सेंटीमीटर, तर दोन फुटी मातीची भिंत सव्वा सेंटीमीटर भरते. तेवढ्यासाठी एकावर एक पुठ्ठे चिकटवावे लागतात. आजोबांच्या घरात दुपारी गारवा का असे, याचे अर्धे उत्तर त्या चिकटवण्यातच मिळते. जाड माती दिवसाची उष्णता सावकाश आत सोडते. इंटरमिजिएट परीक्षेसाठी ठोकळ्यांची वरून व समोरून दिसणारी चित्रे गिरवणारा विद्यार्थी येथे त्याच रेषा कापून उभ्या करतो.

खरा धडा मात्र विजेरीचा. वर्गात अंधार करून विजेरीला सूर्य मानावे. ही दोन्ही शहरे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मेच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात तो दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरील सज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात थोडे आत येऊ देतो. आता विजेरी पश्चिमेला, टेबलाच्या जरा वर धरावी. प्रकाश सज्जाखालून थेट मागच्या भिंतीपर्यंत जातो. सज्जा कितीही लांबवला तरी फारसा उपयोग नाही. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या शहरांत रस्त्याकडची बाजू म्हणून पश्चिमेला मोठी काच बसवायची आणि मग कूलर घ्यायला धावायचे, हा उद्योग मोठी माणसे करतात. बारा वर्षांच्या मुलाला ही चूक पाच मिनिटांत दिसते.

प्रतिकृतीला पाया नसतो, ही तिची मोठी उणीव. त्यावर उपाय स्वस्त आहे. परातीत शेतातील काळी माती पसरावी, भिजवावी, वर घर ठेवावे आणि काही दिवस उन्हात वाळू द्यावे. माती आक्रसते, भेगा पडतात, घर एका बाजूला कलते. कपाशीला मानवणारी ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकुंचन पावते; म्हणूनच येथे पाया मुरमापर्यंत खोदतात. पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या मातीचा थर खोल असल्याने बांधकामाचा बराच पैसा आधी जमिनीखालीच जातो.