आकड्यापासून दवंडीपर्यंत

फोन वाजतो. पलीकडचा माणूस आधी ‘हा सराव आहे’ म्हणतो, मग निरोप सांगतो आणि फोन ठेवण्याआधी पुन्हा ‘हा सराव आहे’ म्हणतो. ऐकणाऱ्याने निरोप कागदावर उतरवायचा, शेजारी वेळ टाकायची, उतरवलेलं वाचून दाखवायचं आणि लगेच पुढच्याला फोन लावायचा. अणुभट्टीच्या अपघाताची रंगीत तालीम म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरे पोशाख आणि मुखवटे येतात. फोटोही त्यांचेच छापून येतात. दिवसभर चालतो तो मात्र हा फोनाफोनीचा उद्योग.

महाराष्ट्रात ही तालीम होते तारापूरला. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागलं. अमेरिकी बनावटीच्या पहिल्या दोन भट्ट्या त्या काळातल्या. ५४० मेगावॉटच्या दोन देशी भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी नि पोफरण ही गावं उठली. ज्या परिसराने केंद्रासाठी एकदा घरं सोडली, त्यालाच ‘घर सोडायची वेळ आली तर काय कराल’ हे शिकवायला जायचं, हा या तालमीचा अवघड भाग कुठल्याच आराखड्यात लिहिलेला नसतो.

सरावाच्या पायऱ्या तीन. संयंत्रापुरती आणीबाणी दर तिमाहीला, केंद्राच्या कुंपणाआतली वर्षातून एकदा आणि कुंपणाबाहेरची, म्हणजे ‘ऑफसाइट’, दोन वर्षांतून एकदा. पहिल्या दोन्हींत सगळी माणसं एकाच संस्थेची, एकाच शिस्तीची. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिसरीत केंद्राच्या फाटकाबाहेरचं सरकार उतरतं आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

कुंपणाच्या आत सर्वाधिकार केंद्राच्या संचालकांचा. कुंपणाबाहेर पाऊल पडलं की हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. अणुऊर्जा विभागाने सल्ला द्यायचा, गाव रिकामं करायचं की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवायचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीची पंचेचाळीस वर्षं तारापूरचे जिल्हाधिकारी ठाण्याला बसत, शंभरेक किलोमीटरवर. आता ते पालघरला आहेत, केंद्रापासून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत. अंतर कमी झालं, तरी अभियंत्याचं बोलणं आणि महसूल खात्याचं बोलणं यांच्यातलं अंतर नकाशावर मोजता येत नाही.

केंद्राकडून येतो तो आकडा: अमुक ठिकाणी ताशी इतके मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग, वाऱ्याची दिशा अमुक अंश, सोडलेल्या वायूत आयोडीन-१३१ इतकं. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर त्याचा आदेश व्हायला हवा: कोणती गावं, कोणता उपाय, किती वाजल्यापासून. आदेश तहसीलदारांकडून तलाठ्याकडे जातो (कागदोपत्री ते आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, गावात मात्र तलाठीच), आणि गावात पोचेपर्यंत त्याचं एक वाक्य झालेलं असावं लागतं: घरात जा, दारं-खिडक्या लावा, विहिरीवर झाकण टाका, पुढचं सांगेपर्यंत बाहेर येऊ नका. आकड्याचा आदेश आणि आदेशाची दवंडी, अशी ही दोन भाषांतरं आहेत. तालीम घ्यायची ती या भाषांतरांची, असं माझं मत. भट्टीच्या चाचण्या घ्यायला दुसरे लोक आहेत.

आणि दवंडी एका बोलीत देऊन भागत नाही. किनाऱ्यावर मांगेली, आत वारली, बाजारात गुजराती, औद्योगिक वसाहतीतल्या चाळींत हिंदी आणि भोजपुरी. प्रमाण मराठीत छापलेलं पत्रक यातल्या निम्म्या लोकांना सरकारी नोटीस वाटतं, आणि नोटीस घरात जपून ठेवायची असते, तिच्यावर लगेच काही करायचं नसतं.

नियोजनासाठी केंद्राभोवती सोळा किलोमीटरचं वर्तुळ आखतात आणि त्याचे सोळा सारखे पाचर-तुकडे करतात. वारा ज्या पाचरीकडे वाहतो ती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या, एवढ्यांत आधी हालचाल करायची. कागदावर हे सोपं दिसतं. पण तारापूर समुद्राला चिकटून आहे, त्यामुळे जवळपास अर्ध्या पाचरी पाण्यात. तिथे घरं नाहीत, होड्या आहेत, आणि होड्यांना तलाठी नसतो. त्यांच्यासाठी मत्स्यव्यवसाय विभाग, डहाणूचं तटरक्षक दलाचं ठाणं आणि मच्छीमार सोसायट्या यांना कामाला लावावं लागतं. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, त्यांचा उपयोग इथे होतो. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून चिंचणी, वाणगाव, बोईसरकडे येतो. रात्री तोच उलटतो आणि जाळी टाकून बसलेल्यांच्या अंगावर जातो. सरावाची वेळ बहुतेक कचेरीची असते, म्हणून खाऱ्या वाऱ्याचीच तालीम होते. मतलईची तालीम एकदा रात्री दोनला घ्यावी, असं सुचवावंसं वाटतं. सुचवणारा लोकप्रिय होणार नाही, हेही कळतं.

बोईसरची आणखी एक अडचण आहे. इथली तारापूर औद्योगिक वसाहत रसायनांची. स्फोट, आग, वायुगळती लोकांना नवी नाही. भोंगा वाजला, नाक चुरचुरलं की पळायचं, वाऱ्याला आडवं पळायचं, हे शहाणपण त्यांनी अनुभवातून कमावलंय. किरणोत्सर्गाच्या बाबतीत पहिला हुकूम नेमका उलटा असतो: पळू नका, आत बसा. वायूचा ढग पुढे सरकेपर्यंत विटांची भिंत आणि लावलेली खिडकी रस्त्यापेक्षा बरी. रस्त्यावर माणूस वाहनांच्या रांगेत उघडा अडकतो. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे महामार्गाला जाणारा रस्ता ट्रकांनी एरवीच गजबजलेला असतो. त्यावर सगळी गावं एकदम उतरली तर काय होईल, हे कोणत्याही चालकाला विचारा. एकाच गावाला भोंग्याच्या दोन अर्थांची सवय लावायची, आणि कोणता भोंगा कशाचा हे त्याला अर्ध्या मिनिटात ओळखता आलं पाहिजे, अशी ही मागणी आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा ‘ऑपरेशन अभ्यास’ झाला, तेव्हा तारापूर पहिल्या श्रेणीच्या ठिकाणांत होतं. म्हणजे भोंग्याला तिसरा अर्थही मिळाला: हवाई हल्ला.

त्यात शाळा सुटायची वेळ असेल तर प्रश्न वेगळाच. आईबाप घरात बसतील, पण पोर शाळेत असेल तर नाही. म्हणून ‘मुलं शाळेतच सुरक्षित आहेत, घ्यायला येऊ नका’ हा निरोप गावकऱ्यांना आणि ‘फाटक लावून घ्या’ हा मुख्याध्यापकांना, दोन्ही एकाच क्षणी पोचायला हवेत. एक आधी आणि दुसरा दहा मिनिटांनी गेला, तर त्या दहा मिनिटांत शाळेच्या फाटकाबाहेर गर्दी होते. रेल्वेचंही तसंच. मुंबई-दिल्लीची मुख्य लाइन या वर्तुळातून जाते. गाडी बोईसरला न थांबवता पुढे काढायची की मागेच अडवायची, हा निर्णय रेल्वेचा. जिल्हाधिकारी विनंती करू शकतात, सिग्नल पाडू शकत नाहीत. परिवहन महामंडळाला बसगाड्या द्यायला सांगता येतं, पण चालक दूषित हवेत गाडी नेईल का, त्याच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारी डोसमापी कोण लावणार, परतल्यावर गाडी कोण धुणार, हे आधी ठरलेलं नसेल तर आगारातून गाडी हलत नाही. माझ्या मते कोणत्याही आराखड्याचा खरा कस या चालकापाशी लागतो.

आत बसण्याच्या हुकमासोबत आयोडीनची गोळीही वाटायची वेळ येऊ शकते. तिच्याकडे जरा जवळून पाहू. ही साधी, पांढरी, छोटी गोळी. थायरॉइड ग्रंथी आयोडीनसाठी हपापलेली असते. किरणोत्सारी आयोडीन पोचण्याआधी तिला साध्या आयोडीनने पोटभर खाऊ घातलं की नंतर आलेलं किरणोत्सारी आयोडीन ती घेत नाही. गोळी एवढंच करते. किरणोत्सारी सिझियमवर किंवा बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवर तिचा उपयोग नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायांना तिची गरज सर्वांत जास्त, चाळिशीपुढच्यांना कमी. वेळेचं गणित कडक आहे: संपर्काच्या आधीच्या चोवीस तासांत किंवा नंतरच्या दोन तासांत घेतली तर उत्तम, आठेक तासांपर्यंत काही उपयोग, पुढे फारसा नाही. आता साखळी बघा. गोळ्या साठ्यात, साठ्याची किल्ली वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, वाटायच्या आशाताईंनी, हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा, शिफारस केंद्राची. पाच हात, दोन तास. तालमीत कुणीतरी घड्याळ लावून बसलेलं असतं, ते याचसाठी.

या सरावात किरणोत्सर्ग कुठेच नसतो. सर्वेक्षणाची जीप ठरलेल्या गावात जाते, माणूस मीटर काढतो, तो ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास दाखवतो, म्हणजे कोणत्याही साध्या दिवशी असतो तेवढा. मग सोबतचा निरीक्षक त्याच्या हातात चिठ्ठी देतो. चिठ्ठीत हजारपट आकडा असतो. जीपमधल्या माणसाने मीटरवर नाही, चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा आणि तोच आकडा वर कळवायचा. हा खेळ गंभीरपणे खेळणं सोपं नाही, आणि बहुतेक जण तो खेळतात, याचं मला कौतुक वाटतं.

गावातून बाहेर काढलेल्यांसाठी एका शाळेत निवारा केलेला असतो, तिथे तपासणीची रांग लागते. अंगावरून मीटर फिरवतात, केस, तळवे, चपलांचे तळ आधी. किरणोत्सारी धूळ सापडलीच तर कपडे उतरवायचे, पिशवीत बांधायचे, कोमट पाणी नि साबण. वरचे कपडे निघाले की बहुतेक धूळ त्यांच्याबरोबरच जाते. अडचण संख्येची आहे. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात टाकून दिलेल्या वैद्यकीय यंत्रातलं सिझियम लोकांच्या हाती लागलं, तेव्हा फुटबॉलच्या मैदानात सुमारे १,१२,००० माणसं तपासावी लागली. दूषित निघाली २४९. चौघं गेले. उरलेले एक लाख नुसते घाबरलेले होते, आणि घाबरलेल्यांचीही रांग लावावीच लागते. दुसरी अडचण पोचण्याची. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० निघालं, तेव्हा आधी डॉक्टर, मग अणुऊर्जा नियामक परिषद, पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल असं एकेक खातं पोचलं. त्या दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ असते, आणि किरणोत्सर्गाचं प्रशिक्षण असलेल्या तुकड्यांपैकी ती एक आहे. तारापूरला तिला यायचं तर आधी घाट उतरावा लागतो. म्हणून पहिले काही तास जिल्ह्याने स्वतःच्या माणसांवर काढायचे असतात.

जपानची तयारी आपल्याहून जास्त होती. फुकुशिमाला सगळी खाती एका छताखाली बसवणारं समन्वय केंद्र होतं, भट्टीपासून पाचेक किलोमीटरवर. ११ मार्च २०११ च्या भूकंपात त्याची वीज आणि फोन गेले. हवा गाळणारे फिल्टर बसवलेलेच नव्हते, म्हणून आतला किरणोत्सर्ग वाढत गेला आणि १५ मार्चला ते केंद्र सोडून फुकुशिमा शहरात जावं लागलं. त्याच दिवसांत नामिए गावचे लोक वायव्येला त्सुशिमाला गेले, आणि दूषित ढगही तिकडेच गेला. वाऱ्याचा अंदाज सांगणारी संगणकी व्यवस्था सरकारकडे होती. तिचं उत्तर नामिएपर्यंत पोचलं नाही. आकडा होता, दवंडी झाली नाही.

संध्याकाळी निरीक्षकांची बैठक होते. अणुऊर्जा नियामक परिषद, अणुऊर्जा विभाग, आपत्ती प्राधिकरण, एकेकजण वहीतलं वाचून दाखवतो. तक्रारी मोठ्या नसतात. एका नाक्यावरच्या पोलिसाला मीटर वापरायचं माहीत नव्हतं. एका आरोग्य केंद्रातल्या गोळ्यांची मुदत संपत आलीय. ध्वनिक्षेपकाची गाडी चुकीच्या पाड्यात गेली. या बारीकसारीक नोंदी कंटाळवाण्या वाटतात आणि मला तर त्याच सगळ्यात आवडतात. कारण त्या खऱ्या असतात. ‘सर्व विभागांनी उत्तम समन्वय दाखवला’ हे वाक्य दुसऱ्या दिवशीच्या बातमीत येतं.

एक नोंद सहसा कुणाच्याच वहीत नसते. सराव दोन वर्षांनी, आणि अधिकाऱ्याची नेमणूक साधारण तीन वर्षांची, तीही पुरी झाली तर. म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तहसीलदार यांच्या वाट्याला कारकिर्दीत तारापूरचा एखादाच ऑफसाइट सराव येतो, कित्येकदा तोही नाही. ज्याला फोन लागला होता तो बदलून जातो, त्याच्या जागी आलेल्याचा नंबर यादीत नसतो. म्हणून बैठक उठल्यावर, चहाच्या कपांमधून, आपत्ती कक्षातला कुणी लिपिक यादी पुन्हा पुढे ओढतो आणि खाली खाली जातो: आगार व्यवस्थापक, मत्स्य परवाना अधिकारी, चिंचणीच्या शाळेचे मुख्याध्यापक. एकावर काट मारतो, शेजारी पेन्सिलीने नवा नंबर लिहितो, आणि तो बरोबर आहे का हे बघायला लगेच लावून पाहतो.